गंगेची ओटी

सोनपेठ, 8 ऑक्टोबर 2025

ती. आईस,


परळीहून एस.टी.नं काल दुपारी पोचले. मावशी बरी आहे, वाळलीय मात्र. सप्टेंबरच्या शेवटी गंगा पात्राबाहेर आली (गोदावरी म्हटलं की मावशी अजून हसते) आणि थडीचं अडीच एकर सोयाबीन पाण्याखाली गेलं. वरून पाऊस, त्यात जायकवाडीतून सोडलेलं पाणी. आज तिच्याबरोबर रानात गेले. पाय नडगीपर्यंत रुतत होते. एक शेंग सोलून पाहिली. दाणे काळे पडलेले, एकाला पांढरा कोंब आलेला. त्या कुजक्या काडाचा वास हात धुतले तरी जात नाही. पंचनामा झालाय.

परतताना मावशी काठावर थांबली. पिशवीतून खण, नारळ, हळदकुंकू, मूठभर तांदूळ काढले आणि गंगेची ओटी भरली. ज्या नदीनं वर्षाचं पीक नेलं, तिची! मला राग आला आणि तो तिला दिसलाही. म्हणाली, "दसऱ्यालाच भरायची व्हती. पन तव्हा लई भांडले तिच्यासंगं. अबोलाच धरला." मग गुडघे चिखलात टेकून तिनं पाण्याला हात लावला, तो कपाळी लावला. बराच वेळ उठली नाही. मी नारळाची पिशवी धरून उभी.

गंगाखेड, 10 ऑक्टोबर

ती. आईस,

मावशीनंच मला इथं आणलं. जनाबाईचं गाव, गंगेच्या काठी. दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांकडे, दामाशेटींच्या घरी गेली आणि दळणकांडण, शेणगोठा करत जन्मभर स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवत राहिली. लहानपणी गोपाळपूरला तू मला तिचं जातं दाखवलं होतंस. देव तिला दळू लागायचा, एवढंच तेव्हा माझ्या मनात राहिलं. पण ही दासी विठोबाला अरेतुरे करते, शिव्या घालते, आणि त्याचे पाय काही सोडत नाही. सातशे वर्षं वारकऱ्यांनी ते अभंगही तिच्या बाकीच्या अभंगांइतक्याच मायेनं जपले.

बाबा गेल्यापासून तू देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतलास. मी तुला फोनवर सांगत राहिले, देवाची इच्छा, सोसायला हवं. ते बोलणं मी मागे घेते, आई. मावशीला कुणी म्हणालं की हा पूर म्हणजे देवानं दिलेला धडा, तर मला ते ऐकवणार नाही. मग तुझ्या दुःखाचा अर्थ लावणारी मी कोण? नम्र होऊन सोसायचं म्हणजे तोंड मिटून घ्यायचं, असंच मी धरून चालले होते. मावशी तर आधी भांडली, मग टेकली. तिनं टेकलेल्या गुडघ्यांचा चिखल घरी येईस्तोवर लुगड्यावर वाळला होता.

रविवारी रात्री पोचते. जेवायला थांबू नकोस. देवळाबाहेरून बुक्क्याची पुडी घेतलीय. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवीन. पडद्याला हात लावणार नाही.

तुझी,
लेक