उलट्या टांगलेल्या गाई

‘द लिटिल व्हॅम्पायर’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यातलं एक वाक्यही मला कळलं नव्हतं. २००३ चा मे महिना, सोलापूर, बाहेर ऊन मी म्हणत होतं. आईनं खिडकीला ओली चादर बांधली होती आणि कोपऱ्यावरच्या सीडी लायब्ररीतून ताईनं दोन व्हीसीडी आणल्या होत्या. मी चौथीची परीक्षा नुकतीच दिलेली, मराठी शाळेतला. ताई आठवीत, म्हणून दुभाष्याचं काम तिच्याकडे. पलंगावर जपमाळ घेऊन आजी. ती शिरोड्याहून महिनाभरासाठी आली होती.

आम्हीही शिरोड्याचेच. बाबांची बदली झाली आणि वर्षापूर्वी समुद्राजवळून उठून थेट सोलापुरात आलो. नव्या वर्गात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी डबा पुढे केला आणि मी मालवणीत ‘माका नको’ म्हणालो. त्यानंतर वर्षभर माझं नाव ‘माका’ होतं.

पडद्यावरचा टोनी थॉम्सनही नऊ वर्षांचा, माझ्याच वयाचा. त्याच्या बाबांना स्कॉटलंडमध्ये गोल्फ कोर्स बांधायचं काम मिळतं, म्हणून तो कॅलिफोर्नियातून उचलून तिथे आणलेला. शाळेत त्याला छळणारी पोरं. स्वप्नात रोज रात्री व्हॅम्पायर. हे समजायला इंग्रजी लागत नव्हतं. खेळाच्या मैदानाच्या कडेला एकटं उभं राहिलेलं पोर कोणत्याही देशात सारखंच दिसतं.

मग एका रात्री त्याच्या खोलीत वटवाघूळ शिरतं आणि त्याचा मुलगा होतो. हा रुडॉल्फ, चेहरा पिठासारखा पांढरा. टोनीनं खोटे सुळे लावून खांद्यावर झगा चढवलेला असतो, त्यामुळे रुडॉल्फला तो आपल्यातलाच वाटतो. पण भुकेनं त्याला उभंही राहवत नाही. टोनी त्याला गोठ्यात नेतो, कारण रुडॉल्फच्या कुटुंबातली मंडळी माणसाचं रक्त पीतच नाहीत, गाईचं पितात.

इथे आजीची माळ थांबली. “गायचा रगात पितत?” तिनं विचारलं. ताईनं घाबरत मान हलवली. आता टीव्ही बंद होणार, असं आम्हाला वाटलं. आजी थोडा वेळ गप्प बसली. “माणसाक कायएक करनत नाय मां?” “नाही.” “मग रवांदेत.” आणि माळ पुन्हा फिरू लागली.

आजीचा हा निवाडा मला आत्ता कळतो. शिरोड्याच्या शेजारी आरवलीला वेतोबा आहे. वेताळ म्हटलं की घाटावरची पोरं घाबरतात. आमच्याकडे तो गावाचा राखणदार. रात्री गावाभोवती फेऱ्या मारून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. आजीच्या जगात रात्री फिरणारा प्रत्येक जण वाईट नव्हता. तो कोणाला त्रास देतो का, एवढंच ती विचारायची. स्कॉटलंडच्या दफनभूमीतल्या त्या कुटुंबालाही तिनं तोच प्रश्न विचारला आणि आत घेतलं.

पुढे रक्त दिलेल्या गाई स्वतःच व्हॅम्पायर होतात. डोळे तांबडे, आणि गोठ्याच्या आढ्याला वटवाघळांसारख्या उलट्या लटकलेल्या. त्या दृश्याला आजी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तसं हसताना मी तिला क्वचितच पाहिलं.

यंदाच्या दिवाळीत ताईकडे हा चित्रपट पुन्हा लावला. भाची आठ वर्षांची. चादर नाही, एसी आहे. मध्ये उठून दुसरी डिस्क घालायची नाही. खाली सबटायटल्स होती, शिवाय एव्हाना आम्हाला इंग्रजी चांगलं कळतं. पहिल्या अर्ध्या तासातच उघडं पडलं की ताईनं तेव्हा निम्मी गोष्ट पदरची सांगितली होती. सगळे ज्याच्या शोधात असतात तो धूमकेतूशी बांधलेला खडा म्हणजे स्यमंतक मणी, असं तिनं मला ठणकावून सांगितलं होतं. वीसेक वर्षं माझ्या डोक्यात तो स्यमंतकच होता. मागावर असलेला रुकरी हा पोलीस, असंही तिचंच. तो व्हॅम्पायरांचा शिकारी आहे. ताईला विचारलं तर म्हणाली, “तू सारखं विचारत होतास, काहीतरी सांगायला नको?”

पण त्या खड्याचं खरं काम मला तेव्हा कळायला हवं होतं. या कुटुंबाला अमर राहायचंच नाही. तीनशे वर्षं अंधारात काढून ते थकलेत. धूमकेतू परत येईल त्या रात्री खडा हाताशी असला तर त्यांना माणूस होता येईल, दिवसाउजेडी राहता येईल. रुडॉल्फचे वडील फ्रेडरिक मला तेव्हा निव्वळ खडूस वाटले होते, टोनीवर डोळे वटारणारे. रिचर्ड ई. ग्रँटनी ती भूमिका केली आहे. आता त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. पोराबाळांना घेऊन दर रात्री लपायचं, ज्याच्यावर विश्वास ठेवू तोच उद्या मारेकऱ्याला वाट दाखवेल ही धास्ती बाळगायची. असा बाप परक्या मुलाला घरात कसा घेईल? तरी शेवटी घेतो. टोनीचे आईबाबाही रुकरीला अडवायला पुढे होतात. दोन्ही घरं आपल्या मुलांमुळे जोडली जातात.

मुळात ही गोष्ट जर्मन. अँगेला झोमर-बोडेनबुर्ग हॅम्बुर्गमध्ये शिक्षिका होत्या. १९७९ मध्ये त्यांनी या मालिकेचं पहिलं पुस्तक काढलं आणि पुढे वीसहून अधिक भाग लिहिले. पुस्तकात टोनी नाही, आंटोन आहे. रुडॉल्फ नाही, रूडिगर आहे. चित्रपट २००० सालचा. दिग्दर्शक उली एडेल. बर्लिनमधल्या नशेत बुडालेल्या अल्पवयीन मुलीवर त्यांनी १९८१ मध्ये केलेला ‘क्रिस्टियाने एफ.’ मी कॉलेजात असताना पाहिला होता आणि दोन दिवस मन थाऱ्यावर नव्हतं. तेच हात या चित्रपटामागे आहेत, हे कळल्यावर मला त्यातलं एकटेपण जास्त खरं वाटू लागलं. मुलांसाठी म्हणून त्यांनी ते पातळ केलेलं नाही. रुडॉल्फची धाकटी बहीण ॲना टोनीवर भाळते. ती झाली आहे ॲना पॉपलवेल, पाच वर्षांनी ‘नार्निया’त सुसान म्हणून दिसली तीच. हात धरून ढगांतून उडण्याची दृश्यं आज थोडी जुनाट दिसतात, पण भाचीला त्याचं काही नव्हतं. तिनं नकळत माझा हात धरला होता.

आणि शेवट. टोनीची इच्छा फळते आणि त्याच क्षणी ते कुटुंब नाहीसं होतं. काही दिवसांनी गावात एका घरासमोर सामान उतरताना दिसतं. तेच सगळे, आता माणसं. टोनी हरखून बघतो. रुडॉल्फ त्याच्याकडे बघतो आणि ओळखत नाही.

लहानपणी या जागी मी फक्त पुढच्या शिट्टीची वाट पाहत होतो, कारण ती वाजली की सगळ्यांना सगळं आठवतं. या वेळी मी त्या मधल्याच नजरेत अडकलो. त्या २००३ च्याच मे अखेरीस आम्ही आजीला सोडायला शिरोड्याला गेलो होतो. शेजारचा माझा मित्र, ज्याच्याबरोबर मी खाडीत गळ टाकून बसायचो, अंगणात आला आणि माझ्याशी शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलू लागला. “तुम्ही कधी आलात?” म्हणाला. पाहुण्याशी बोलतात तसं. मी त्याला मालवणीत उत्तर दिलं, तर त्यानं पुन्हा तसंच विचारलं, “किती दिवस राहणार?” वेगळं काय बोलावं हे मला सुचलं नाही. आजी पडवीत बसून ऐकत होती. तिनं त्याला हाक मारून मालवणीतच दटावलं, आणि दोघांच्या हातात एक एक केळं ठेवलं. मग आम्ही खाडीवर गेलो.

पडद्यावर शिट्टी वाजली. रुडॉल्फचा चेहरा उजळला. ताईनं दिवाणावरून माझ्याकडे पाहिलं, तिलाही तीच पडवी आठवली असणार. आजीला जाऊन सात वर्षं झाली.

भाचीनं रिमोट उचलला. “मामा, गाईंचं परत लावू?”

“लाव,” ताई म्हणाली, “आणि आवाज मोठा कर.”