पाचवा गिअर

आमच्या घरी कॉन्टेसा मोटार आहे असे सांगितले की ऐकणारे आधी हसतात. कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत, जिथे दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावे लागते, तिथे एवढी लांबलचक गाडी हवी कशाला, असे ते विचारतात. त्याचे उत्तर आमच्या आबांपाशी आहे.

आबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात ड्रायव्हर होते. साहेबांची कॉन्टेसा त्यांनी वर्षानुवर्षे चालवली. मागचे दार उघडून धरायचे, साहेब बसले की हलकेच लावायचे आणि मग आपल्या जागेवर बसायचे. कारखाना बंद पडला, गाडी विक्रीला निघाली, तेव्हा हाती आलेल्या हिशेबाच्या पैशातून आबांनी ती विकत घेतली. त्या दिवशी आम्हीच त्यांना वेड्यात काढले होते. आता त्यांचे वय झाले, कानाने कमी ऐकू येते, स्टिअरिंग सुटले. एक इच्छा मात्र राहिली होती. २० मार्चला आपल्या गाडीने, मागच्या सीटवर बसून, महाडला चवदार तळ्यावर जायचे.

त्या वर्षी जानेवारीतच गाडीने हात टेकले. मुंब्रा बायपासच्या चढावर तिसरा गिअर आपोआप सुटून न्यूट्रलवर येऊ लागला. दुसरा टाकताना खरखर होई. गाडी उभी असताना घरघर ऐकू येई आणि क्लच दाबला की ती थांबे. आबांना ती ऐकू येत नव्हती. त्यांनी गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "पुढचं बेअरिंग गेलं. चौथ्यात टाकून बघा, हात शांत राहील." खरेच, चौथ्यात गाडी बरीच शांत होती. याचे कारण पुढे कळले. चौथ्या गिअरला इंजिनची ताकद पुढच्या शाफ्टमधून सरळ मागच्या शाफ्टमध्ये जाते. बाकीच्या गिअरांत ती खालच्या शाफ्टवरून वळून जाते. चौथ्यात शांत आणि बाकीच्यांत आवाज, म्हणजे दुखणे खालच्या शाफ्टलाही आहे.

गॅरेजवाल्याने बॉक्स उतरवून उघडला. तेलात लोखंडाचे कण चमकत होते आणि खालच्या शाफ्टच्या दोन गिअरांचे दात तुटले होते. कॉन्टेसाचे उत्पादन २००२ साली थांबले. सुटे दातेरी भाग मिळणे कठीण, तेव्हा दुसरा अख्खा बॉक्सच शोधायचा ठरले.

इथे आमच्या पुतणीचा विषय येतो. तिने आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला होता. पण मुलगी म्हणून कुठलेही गॅरेज तिला हातात पान्हा देत नव्हते. पावत्या लिही, फोन घे, एवढेच काम मिळे. बॉक्स शोधायला निघालो तेव्हा ती म्हणाली, "काका, जुनी क्लचप्लेट पिशवीत घ्या." आम्ही विचारले, कशाला ते ओझे? आणि घेतली नाही.

भंगार बाजारातल्या एका दुकानात आम्हाला बॉक्स दाखवला गेला. दांड्याच्या मुठीवर पाच गिअरांचा नकाशा कोरलेला होता. दुकानदार म्हणाला, "कॉन्टेसाचाच आहे, डोळे झाकून न्या." पुतणी खाली बसली, दांडा हलवून पाहिला आणि म्हणाली, "पाचवा पडत नाही." दुकानदार हसला. "जाम आहे, बेटा. तेल टाकलं की पडेल." तिने पुढचा शाफ्ट हाताने फिरवून पाहण्यासाठी पाच मिनिटे मागितली. आम्ही घड्याळ पाहिले, ऊन पाहिले, आणि दुकानदाराचे पांढरे केस पाहिले. नऊ हजार रुपये मोजून बॉक्स टेम्पोत टाकला.

गॅरेजमध्ये क्लचप्लेट त्या शाफ्टवर चढेना. शाफ्टवरच्या खाचा वेगळ्या, बोल्टांची भोकेही वेगळी. पाचवा जाम नव्हता, तो मुळी नव्हताच. बॉक्स चार गिअरांचा होता, मूठ फक्त दुसऱ्या गाडीची. दुकानदाराने माल परत घेतला नाही.

वाईट याचे वाटते की तो माणूस पूर्ण खोटे बोललाच नव्हता. बॉक्स कॉन्टेसाचाच होता. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये ही गाडी आणली तेव्हा तिचा सांगाडा व्हॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश गाडीवरून घेतलेला होता आणि इंजिन मात्र अ‍ॅम्बॅसडरचेच, १४८९ सीसीचे, जेमतेम ५० अश्वशक्तीचे. त्यामागे चार गिअरांचा बॉक्स. पुढे इसुझू या जपानी कंपनीचे १८१७ सीसीचे इंजिन आले, ताकद ८० अश्वशक्तीच्या वर गेली आणि सोबत पाच गिअरांचा बॉक्स आला. वेगवान गाडी म्हणून कॉन्टेसाचे जे नाव झाले ते या दुसऱ्या गाडीचे. नंतर अ‍ॅम्बॅसडरलाही इसुझूचे हेच इंजिन आणि पाच गिअर मिळाले. त्यामुळे "कॉन्टेसाचा बॉक्स" किंवा "अ‍ॅम्बॅसडरचा बॉक्स" एवढे म्हटल्याने काहीच कळत नाही. आरसी बुकात चासीस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नंबर नसतो. त्याची ओळख कागदावर नाही. ती हाताने करून घ्यावी लागते.

आम्ही दर पौर्णिमेला विहारात जातो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आम्हाला पाठ आहे. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. मुलांना ते आम्ही शिकवतोही. पण त्या दुकानात आमच्याच घरातली, त्या विषयाचे शिक्षण घेतलेली मुलगी तपासा म्हणत होती आणि आम्ही गल्ल्यावर बसलेल्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवला. तो पुरुष होता, वयाने मोठा होता, एवढ्यावरच. नऊ हजार गेले त्याचे दुःख थोडे, याचे जास्त.

दुसऱ्या खेपेला पुतणी पुढे आणि आम्ही पिशवी घेऊन मागे. भिवंडीच्या बाहेर एका गाळ्यात मोडीत निघालेल्या कॉन्टेसाचा बॉक्स होता. तिने आधी पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. मग पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूने खुणा केल्या. चौथ्यात पुढचा एक फेरा, मागचाही एक. पाचव्यात पुढचा फेरा पुरा व्हायच्या आत मागचा पुरा. पहिल्यात मागच्या एका फेऱ्याला पुढचे तीनाहून जास्त. क्लचप्लेट शाफ्टवर चढवली, ती अलगद सरकली. जुन्या बॉक्सच्या बोल्टांची भोके तिने पुठ्ठ्यावर उतरवून आणली होती, ती लावून पाहिली. लांबी, दांड्याची जागा, मागच्या माउंटिंगची जागा फूटपट्टीने मोजली. शाफ्ट हलवून बेअरिंगचा खेळ पाहिला. शेवटी थोडे तेल काढून बोटांवर चोळले. पितळेची बारीक चमक होती, लोखंड नव्हते. गाळेवाला आधी गंमत म्हणून पाहत होता. नंतर त्यानेच तिला बसायला स्टूल दिले.

बसवण्याचे कामही तिनेच करायचे, अशी अट आम्ही गॅरेजवाल्याला घातली. तो कुरकुरला, पण आठवड्याची सुट्टी असताना त्याने जागा दिली. गाडी घोड्यांवर घेतली, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नसते. इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून आधार दिला. बॉक्स खाली असताना क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि ऑईल सील नवे घातले. त्यासाठी पुन्हा बॉक्स उतरवणे परवडत नाही. जुन्या बॉक्समधला पुढचा शाफ्ट घालून क्लचप्लेट बरोबर मध्यावर आणली आणि मग प्रेशर प्लेट आवळली. बॉक्स चढवताना आम्ही दोघे तो उचलून धरत होतो. ती सारखी बजावत होती, "भार शाफ्टवर येऊ देऊ नका, प्लेट वाकेल. सरळ आणा, बोल्टने ओढू नका." दुसऱ्या झटक्यात तो बसला. उतरवताना प्रॉपेलर शाफ्टवर केलेल्या खुणा जुळवून तो जोडला, तेल भरले. आबा सबंध वेळ खुर्ची टाकून बसले होते.

ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात वकिली-डॉक्टरीपुरते पाहिले नव्हते. आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मिळावी, हीही मागणी होती. यंत्राची विद्या हाती आली तर माणूस मान वर करून जगेल, हे त्यांनी ओळखले होते. ती विद्या आज आपल्या घरात आली आहे. तिला पान्हा द्यायचा की पावती-पुस्तक, हे आपणच ठरवायचे आहे. आता त्याच गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचे काम आले की पुतणीला बोलावतात, आणि त्याची मजुरी वेगळी देतात.

२० मार्चला पहाटे आम्ही निघालो. मागचे दार आम्ही उघडून धरले. आबा पांढरे कपडे घालून बसले, आम्ही दार हलकेच लावले. गाडी पुतणी चालवत होती. शिळफाटा, पनवेल, पेण मागे पडले. आबा गप्प होते. नागोठण्याला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "मला पुढं बसू द्या. मागं बसून काही कळत नाही."

सुकेळी खिंडीच्या चढावर तिने तिसरा टाकला. आबांनी आपला तळहात दांड्यावर, तिच्या हाताशेजारी ठेवला. चढ संपेपर्यंत तो तिथेच होता. मग हात काढून घेत ते म्हणाले, "टाक आता चौथा. आणि पुढं रस्ता मोकळा दिसला की पाचवा."

जय भीम!