बॅटरीचे वय

"घेतला तेव्हा चार तास चालायचा, आता तासाभरात बंद पडतो." लॅपटॉपबद्दलची ही तक्रार घेऊन संगणक कक्षात आमच्याकडे कोणी ना कोणी पालक येतच असतात. बहुतेकांनी नवा लॅपटॉप घ्यायचे मनात ठरवलेलेही असते. म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण वय तिलाही चुकलेले नाही. आतल्या ग्राफाइटवर एक पातळ थर हळूहळू जाड होत जातो आणि थोडे थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. वापर केला नाही तरी हे थोडेफार चालूच राहते. साधारणपणे ३०० ते ५०० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरली, तर तो बिघाड नव्हे. आज निम्मी वापरली आणि उद्या निम्मी, तर दोन्ही मिळून एक आवर्तन होते. तेव्हा मुलांना बोल लावण्याआधी हा हिशेब पाहावा.

बॅटरीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी लॅपटॉप बंद गाडीत ठेवणे किंवा गादीवर ठेवून त्याची हवा कोंडणे टाळावे. रात्रंदिवस १०० टक्के चार्ज ठेवल्यानेही ती लवकर थकते. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, ती वापरावी. 'पूर्ण उतरवूनच चार्ज करा' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. तो इथे लागू नाही.

विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात दोन आकडे पाहावेत : मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता. समजा पहिला ४०,००० मिलिवॅट-तास आणि दुसरा २६,००० असेल, तर ६५ टक्के उरली. याचा अर्थ बॅटरी म्हातारी झाली, लॅपटॉप नव्हे. बाकी सारे ठीक असेल तर बॅटरी बदलून काम भागते. अहवाल काढता येत नसेल तर मधल्या सुट्टीत या; आमचे नववी-दहावीचे विद्यार्थी काढून देतील.

मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर लॅपटॉप ताबडतोब बंद करावा. ती दाबू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यातही टाकू नये. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

विश्वस्त मंडळींना एकच विनंती. शाळेचे जुने लॅपटॉप भंगारात काढण्यापूर्वी प्रत्येकाचा अहवाल एकदा पाहावा. त्यातले काही नव्या बॅटरीवर पुढच्या तुकडीलाही शिकवू शकतील.