लाइव्हपॅचराव

गेवराईच्या ई-सेवा केंद्रात पीकविम्याची मुदत संपत आली, की रांगेतल्या माणसाला एकाच वाक्याची धास्ती असते: 'थांबा, कॉम्प्युटर रिस्टार्ट होतोय.' या वाक्याशी ज्यांचं जन्माचं वैर, ते हे लाइव्हपॅचराव. केंद्रातल्या पीसीवर ते भेटायचे नाहीत. त्यांचा मुक्काम मोठ्या सर्व्हरांवर, लिनक्सच्या कर्नलमध्ये; म्हणजे मेमरी, डिस्क, नेटवर्क असा सगळा कारभार बघणाऱ्या मुख्य प्रोग्रामात. तिथे सुरक्षेचं भोक सापडलं, की मशीन चालू ठेवून ते बुजवायचं, हे यांचं काम.

घराणं अमेरिकेतल्या एमआयटीचं. तिथल्या जेफ अर्नोल्ड या विद्यार्थ्यानं सर्व्हरचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, पुढे ढकलला, कारण रिस्टार्ट केला तर लोकांचा खोळंबा. तेवढ्यात कुणीतरी आत घुसलं. त्या चटक्यातून २००८ मध्ये चालू कर्नलला पॅच लावणारं केस्प्लाइस आलं. २०११ मध्ये ओरॅकलनं ते विकत घेतलं. २०१४ मध्ये रेड हॅटचा केपॅच आणि सूसेचा केग्राफ्ट आले, आणि २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये दोघांसाठी सामाईक पाया घातला गेला; तेच हे आपले राव.

रावांची कामाची तऱ्हा बघा. जुनं फंक्शन ते मोडत नाहीत. नवं शेजारी उभं करतात आणि जुन्याच्या तोंडाशीच वाट वळवतात. धुळे-सोलापूर महामार्गाला गेवराईत बायपास झाला, तसंच: गावातला रस्ता जागच्या जागी, लांबची वाहतूक बाहेरून.

स्वभाव मात्र कमालीचा सोशिक. जुन्या फंक्शनमध्ये अडकलेल्या प्रोसेसला ते ओढून काढत नाहीत. ती बाहेर पडली, की मगच नव्या वाटेला लावतात. ही शिस्त २०१७ च्या लिनक्स ४.१२ पासूनची. सगळ्या प्रोसेस वळेपर्यंत 'ट्रान्झिशन' नावाच्या फाइलीत १ दिसतो. एखादी झोपाळू प्रोसेस अडून बसली, तर ॲडमिन रात्री त्या एका आकड्याकडे बघत बसतो. त्याचं शून्य झालं, की चहा.

अपटाइमचा, म्हणजे मशीन न थांबता किती काळ चालू आहे याचा, आकडा मिरवायची त्यांना भारी हौस. तरी रिस्टार्ट कायमचा टाळता येतो, असं समजू नका. तो कधी करायचा हे आपल्या हातात राहतं, आणि मला यांचं मोल तिथेच वाटतं. डेटाची मांडणीच बदलायची असेल, तर राव बहुतेक वेळा हात वर करतात.

शिवाय त्यांची दुरुस्ती राहते फक्त मेमरीत. वीज गेली, यूपीएसनं मान टाकली, की पुढच्या वेळी जुनाच कर्नल उभा राहतो आणि रावांना पहिल्यापासून कामाला लागावं लागतं. म्हणून जाणते ॲडमिन नवा कर्नल आधीच डिस्कवर बसवून ठेवतात.