वायर आणि आउटर

सायकलीचे कौतुक करणारे चाकांचे, घंटीचे, फार तर सीटचे कौतुक करतात. हँडलपासून मागच्या चाकापर्यंत दांड्याला बिलगून गेलेल्या काळ्या नळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझे गेले; कारण माझे कॉलेज त्या नळीवर अवलंबून आहे.

आमचा पाडा खांडबाऱ्यापासून सात किलोमीटर. वाटेत दोन चढ. खांडबारा हे सुरत-भुसावळ मार्गावरचे स्टेशन. तेथे गाडी पकडायची आणि नंदुरबारला उतरायचे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे माझी गाडी चुकली की साऱ्या पाड्याला कळते!

बाबांची जुनी सायकल सळीच्या ब्रेकची. तिच्यात सारे उघड दिसते. सुरतेला कामाला असलेल्या दादाने माझ्यासाठी जुनी गिअरची सायकल आणली. तिच्यात मात्र सगळा कारभार झाकलेला. चढावर सर्वांत हलका गिअर पडेना, आणि हँडल जरा जास्त वळले की गिअर आपोआप बदले. शेवटी सायकल खांडबाऱ्याच्या एका मिस्त्रीकाकांपुढे उभी केली.

काकांनी आधी नळीच कापली. ‘‘हे बघ पोरा, कोणीतरी गिअरला ब्रेकचे आउटर घातलेय.’’ ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ओढ बसली की ती किंचित दबते. ब्रेकला ते चालते; पण गिअरला एकेक मिलिमीटर महत्त्वाचा. म्हणून गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ घातलेल्या असतात. उलट हे आउटर ब्रेकला घालू नये. जोराच्या दाबाने ते फाटू शकते.

मग काकांनी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नव्या आउटरचे माप घेतले. आखूड राहिले तर वळताना वायर ओढली जाते. फार लांब ठेवले तर वाकणे वाढतात आणि वायर आत घासते. कापलेले तोंड कानशीने सपाट केले, आतली चेपलेली प्लॅस्टिकची नळी आरीने उघडली, टोपी बसवली. मागच्या चाकाजवळचा वळसा मोठा आणि सैल ठेवला. तिथे चिखल-पाणी शिरले की वायर गंजते, म्हणजे गिअर ओढला तरी परत सुटत नाही.

पुढे ग्रंथालयात वाचले, की या वायरीचे पेटंट इंग्लंडमध्ये अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये घेतले. शिमानो या जपानी कंपनीने १९८४ मध्ये ठरावीक टप्प्यांवर ‘टक’ करून बसणारे गिअर आणले आणि वायरीच्या मापाला मिलिमीटरचे महत्त्व आले. पण काकांनी दुकानात सांगितलेली गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. वायर जितक्या जोराने ओढली जाते, तितक्याच जोराने आउटर उलट दाबले जाते. ते दाब सोसून जागेवर राहते, म्हणूनच वायरीची ओढ पलीकडे पोहोचते. आउटर काढून टाका. वायर नुसती ताणून सरळ होईल, गिअर हलणार नाही.

दिवाळीनंतर आई-बाबा ऊसतोडीला गुजरातेत गेले. मला नेले असते तर आणखी दोन हातांची मजुरी मिळाली असती. मुकादमाने तसे म्हटलेही. बाबा म्हणाले, ‘‘त्याचे लेक्चर आहे.’’ लेक्चर म्हणजे काय, हे त्यांनी कधी पाहिलेले नाही. मला त्यांनी इतके जवळ बांधले नाही की वळताना ओढ बसावी, आणि इतके मोकळेही सोडले नाही की कुठेतरी गुंतून पडावे. हे माप त्यांनी कुठे शिकले, कोण जाणे.

संध्याकाळी फडावरून त्यांचा फोन येतो. अभ्यासाचे ते विचारत नाहीत. ‘‘गाडी मिळाली का?’’ एवढेच विचारतात.

‘‘मिळाली, बाबा,’’ मी सांगतो.