दयेला शास्त्र कशाला?

माझ्या भाचीनें एडिंबरो विद्यापीठांत प्राण्यांचें वर्तन व त्यांचें कल्याण या विषयाचें शास्त्र शिकावयाचें ठरविलें, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना मोठें नवल वाटलें. गाईसाठीं घास काढून ठेवल्यावांचून जेथें कोणी जेवावयास बसत नसे, त्या घरांतील मुलीनें भूतदया शिकण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जावें! दया अंतःकरणांतून यावयाची. तिच्या परीक्षा कसल्या द्यावयाच्या?

प्रश्न रास्त आहे. आणि त्याचें उत्तर मला या शास्त्राच्या इतिहासांतच सांपडतें. १९६४ सालीं रूथ हॅरिसन या बाईंनीं पिंजऱ्यांत दाटीनें कोंडलेल्या कोंबड्यांचे हाल एका पुस्तकांत मांडले आणि ब्रिटनमध्यें खळबळ उडाली. सरकारनें प्रोफेसर ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. तिनें १९६५ मध्यें केलेल्या सूचनांत एक अशी होती कीं, पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षट्कोनी जाळी वापरूं नये. हेतु कोंबडीच्या पायांना सुख व्हावें हाच. परंतु १९७३ सालीं ह्यूज व ब्लॅक या संशोधकांनीं निरनिराळ्या जाळ्या पुढें ठेवून निवड कोंबड्यांवरच सोंपविली, तेव्हां त्यांनीं पसंत केली ती नेमकी समितीनें नाकारलेली जाळी!

मुक्या जीवाला विचारणें हेंच या शास्त्राचें मर्म. अंडें घालण्याची वेळ जवळ आली कीं घरट्यापर्यंत पोंचण्यासाठीं कोंबडी किती जड दार ढकलते, हें मोजावयाचें. तिच्या इच्छेचें वजन तेवढें. अशा पुराव्यांचाही आधार घेऊन युरोपीय संघानें १९९९ सालीं कायदा केला, आणि घरटें व बसावयाची दांडी नसलेले जुने पिंजरे २०१२ पासून बंद केले.

अर्थात् आवडतें तें मानवतेंच असें नाहीं. म्हणून आवडीबरोबर प्रकृतीही पाहावी लागते. सणाच्या दिवशीं दारोदारच्या पुरणपोळ्या गाय आनंदानें खाते. पण एवढें अन्न एकदम पोटांत गेलें कीं तेथें आम्ल वाढतें, आणि प्रसंगीं प्राणावर बेततें. देणाऱ्याला मात्र पुण्याचें समाधान मिळालेलें असतें.

आपली दया पुष्कळदां आपल्यालाच बरें वाटावें म्हणून धांवत असते. तिला घटकाभर थांबवून, समोरच्या जीवाला काय हवें आणि काय मानवेल हें पाहावयास लावणें, एवढें जरी त्या मुलीला साधलें, तरी तिचा परदेशवास सार्थकीं लागला असें मी म्हणेन.