तुर्भ्यात पाहिलेला रंगाचा उजेड

कांद्याची गाडी घेऊन तुर्भ्याच्या बाजारात आम्ही वर्षातून चार-पाच वेळा जातो. माळशेज घाट उतरायचा, मुरबाड-कल्याणवरून शिळफाटा गाठायचा आणि महाप्यामार्गे पहाटे बाजारात शिरायचे, हा ठरलेला रस्ता. माल गाळ्यावर उतरला, विक्री झाली, पट्टी हातात पडली की घराकडे तोंड. नवी मुंबई म्हणजे आमच्या लेखी एवढीच.

या खेपेस मात्र एक दिवस मुक्काम केला. थोरल्या बहिणीचा मुलगा तुर्भ्यात गाड्या रंगवण्याच्या गॅरेजात सहा वर्षे कामाला आहे. आता त्याला गावाकडे येऊन स्वतःची शेड घालायची आहे. भांडवलाला मामाने हातभार लावावा, असे अक्काचे म्हणणे. त्याने पाठवलेल्या यादीतले पत्रे, कॉम्प्रेसर, रंगाची गन हे सारे मला समजले. पण दिव्यांचा खर्च पाहून मी थबकलो. "अरे, गाडी रंगवायची आहे की लग्नाचा मांडव उजळायचा आहे?" असे मी फोनवर विचारले. तो म्हणाला, "मामा, एकदा येऊन बघा आणि मग ठरवा."

बाजारातून निघून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की डोंगराच्या बाजूला कारखान्यांचा पट्टा लागतो. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली वाशीच्या खाडीवर पूल झाला आणि भाताची खाचरे, मिठागरे होती तिथे शहर उभे राहिले. तुर्भे, घणसोली, कोपरखैरणे ही नावे जुन्या गावांचीच आहेत. जमिनी कुणाच्या गेल्या हे आपल्यासारख्या शेतकऱ्याला तिथे फिरताना आठवल्यावाचून राहत नाही. आता बाजारामुळे आणि कारखान्यांमुळे ट्रक-टेम्पोंची रात्रंदिवस ये-जा. गाड्या म्हटल्या की ठोकाठोकी आली आणि ठोकाठोकी आली की पत्रा सरळ करणारे व रंगारीही आले. भाच्याचे गॅरेज अशाच एका गल्लीत आहे.

आमच्या पिकअपचा डावा दरवाजा गेल्या वर्षी गोठ्याच्या खांबाला घासला होता. जवळच एका ठिकाणी तो रंगवून घेतला. संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात पाहिला तेव्हा झकास दिसला, म्हणून पैसे चुकते केले. सकाळी अंगणात गाडी पाहिली, तर दरवाजा एका रंगाचा आणि गाडी दुसऱ्या रंगाची. घरात महिनाभर माझी थट्टा झाली. तीच गाडी घेऊन मी गॅरेजात शिरलो, तसे तिथल्या उस्तादांनी दरवाजाकडे एकदाच पाहिले आणि विचारले, "काका, हा रात्री रंगवला होता का?"

मला वाटले, माणूस जाणता दिसतो. मी बसून घेतले.

उस्ताद म्हणाले, "घरातल्या बाया साडी घेताना दुकानाच्या दारात उजेडाला का नेतात? तेच हे." दोन रंग एका दिव्याखाली अगदी सारखे दिसतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे पडतात. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्याखाली तर तांबडे काय आणि तपकिरी काय, ओळखू येत नाही. म्हणून दिवा घेताना खोक्यावरचे दोन आकडे पाहावेत. पहिला केल्विनचा. रंगकामाला ५००० ते ६५०० च्या दरम्यानचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा घ्यावा. दुसरा आकडा सीआरआयचा. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, याचे हे १०० पैकी गुण समजा. बाजारात साधारण ८० गुणांच्या ट्यूब मिळतात. रंग जुळवायचा तर ९० च्या वरच्या हव्यात. त्यांची किंमत थोडी जास्त पडते. भाच्याच्या यादीतला आकडा फुगला होता त्याचे एक कारण हेच निघाले.

दुसरे कारण दिव्यांच्या जागेचे. माझी समजूत अशी, की मधोमध छताला एक मोठा हॅलोजन टांगला की काम भागले. उस्तादांनी मला गाडीजवळ नेले आणि छताचे दिवे तेवढे चालू ठेवले. टप आणि बॉनेट लखलखत होते, पण दरवाजाचा खालचा भाग अंधारात. त्यात मी वाकलो तर माझीच सावली पडली. मग त्यांनी भिंतीवरचे दिवे लावले. दोन्ही भिंतींवर कमरेच्या उंचीला आडव्या ट्यूबांची ओळ होती आणि छत-भिंतीच्या कोपऱ्यात तिरप्या बसवलेल्या ट्यूबांची दुसरी ओळ. दरवाजाच्या पत्र्यात त्या ट्यूबांचे प्रतिबिंब पडले. जिथे पत्रा सपाट तिथे रेघ सरळ आणि जिथे लांबी नीट घासली गेली नव्हती तिथे रेघ सापासारखी वळलेली. माझ्या दरवाजावर अशी तीन वळणे निघाली. हात फिरवून एकही लागले नव्हते.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. रान सपाट झाले की नाही हे भर दुपारी कळत नाही. सकाळी ऊन तिरपे असते तेव्हा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो आणि वाफ्यात पाणी कुठे तुंबणार हे बांधावरून दिसते. उजेड डोक्यावरून आला की खोट लपते आणि बाजूने आला की उघडी पडते. रंगाचे ओघळ, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा, धुळीचे कण हे सगळे आडव्या उजेडात दिसते. पॉलिश करताना पडलेले बारीक गोल ओरखडे मात्र ट्यूबखालीही लपतात. ते पाहायला हातातली छोटी प्रखर बॅटरी लागते.

त्या शेडमध्ये २० वॉटच्या २४ एलईडी ट्यूब होत्या, म्हणजे सारे मिळून ४८० वॉट. मी सुचवला होता तो एकटा हॅलोजन ५०० वॉटचा, तोही तापणारा आणि डोळे दिपवणारा. भिंतींना पांढरा रंग दिला होता, तोही उजेड वाढवतो. पावसाळ्यात नवी मुंबईत ढग उतरले की सकाळी दहा वाजताही शेडमध्ये अंधार होतो, तेव्हा या दिव्यांवरच काम चालते.

उस्तादांनी एक गोष्ट मात्र मला निक्षून सांगितली. घासणे, पॉलिश करणे या कामाला साध्या ट्यूब चालतील. पण जिथे गनने रंग उडवायचा तिथे नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. साध्या बटणाची किंवा पंख्याच्या मोटारीची एक ठिणगी तिला पुरते. म्हणून त्या खोलीत बंदिस्त फ्लेमप्रूफ दिवे तरी हवेत, नाहीतर काचेच्या तावदानाबाहेरून उजेड आत सोडावा. वाफ बाहेर खेचणारा पंखाही तसाच बंदिस्त मोटारीचा हवा. बटणे बाहेर आणि अर्थिंग पक्के. हार्डनर घातलेल्या रंगाची फवार फुप्फुसाला घातक. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो. भाच्याच्या यादीत भारी दिवे होते, पण हा मुखवटा नव्हता. मी विचारले, तर तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, पैसे जास्त होतील म्हणून नाही लिहिला."

रात्री अक्काच्या घरी जेवणे झाल्यावर यादी पुन्हा मांडली. शेडच्या उत्तर बाजूला मोठी खिडकी ठेवायची, म्हणजे दिवसा फुकटचा एकसारखा उजेड मिळेल. फ्लेमप्रूफ दिवे फक्त फवाऱ्याच्या खोलीत, बाकी साध्या चांगल्या ट्यूब. आधी निम्म्या बसवायच्या, त्याही भिंतींवर, छताच्या नंतर. दर्शनी भागाची फरशी आणि मोठा फलक पुढच्या वर्षी. वाचलेल्या पैशांतून मुखवटा पहिल्या दिवशी. शिवाय रंग जुळवताना नमुन्याचा पत्रा आधी रंगवून उन्हात, सावलीत आणि ट्यूबखाली अशा तिन्ही ठिकाणी गिऱ्हाइकाला दाखवायचा, आणि गाडी शक्यतो दिवसा उजेडीच ताब्यात द्यायची. ही अट मी घातली आणि त्याने ती आनंदाने मान्य केली.

कांद्याच्या पट्टीतले ठरलेले पैसे मी अक्काच्या हातात ठेवले. परत निघताना भाचा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मामा, हा दरवाजा माझ्या शेडमधले पहिले काम."

तोपर्यंत आमची गाडी दोन रंगांचीच राहणार आहे.